समुद्रावरील वादळ आणि नदीकाठची घरे

बिदर व कलबुर्गी हे दख्खनच्या पठारावरील सीमावर्ती जिल्हे होत. पूर्वेकडील काकिनाडा बंदर बिदरपासून सरळ रेषेत सुमारे पाचशे, तर कलबुर्गीपासून सुमारे पावणेसहाशे किलोमीटर दूर आहे. समुद्र न पाहिलेली वृद्ध मंडळी या भागात गावोगाव आढळतात. येथील शेतकऱ्याच्या मनात पिढ्यान्‌पिढ्या भय मुरले आहे ते अवर्षणाचे. त्यामुळे "बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र निर्माण झाले आहे" ही वार्ता आकाशवाणीवर ऐकली, तरी ती किनाऱ्यावरील मच्छीमारांसाठी असावी असे समजून माणसे आपापल्या कामाला लागतात.

हा समज किती महाग पडू शकतो, हे २०२० सालच्या ऑक्टोबर महिन्यात भीमा नदीने दाखवून दिले. उपसागरावर उठलेले वादळ किनारा ओलांडून पठारावर आले व चार दिवसांत अफजलपूर, जेवरगी, चित्तापूर या तालुक्यांतील नदीकाठच्या गावांत पाणी शिरले. माणसांना होड्यांतून बाहेर काढावे लागले. लष्कराची व राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पथके मदतीस आली. समुद्रावरील वादळाचा पठारावरील घराशी काय संबंध आहे, धोका कोणत्या मार्गाने येतो आणि त्याची चाहूल आधी कशी लागते, हे ग्रामस्थ, ग्रामपंचायती व शिक्षक यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

नाव नसलेले वादळ

भारतीय हवामान खाते समुद्रावरील वादळी क्षेत्रांचे वर्गीकरण वाऱ्याच्या वेगावरून करते. वाऱ्याचा वेग ताशी ३१ ते ५० किलोमीटर असेल तर ते 'कमी दाबाचे तीव्र क्षेत्र' किंवा अवदाब, ५१ ते ६१ किलोमीटर असेल तर 'अति तीव्र अवदाब' आणि ६२ किलोमीटर वा त्याहून अधिक झाला की 'चक्रीवादळ' म्हणविले जाते. चक्रीवादळ झाल्यावरच त्याला नाव देण्यात येते. फयान, हुदहुद, निसर्ग, तौक्ते ही नावे लोकांच्या लक्षात राहिली ती त्यामुळेच.

२०२० च्या ऑक्टोबरमधील वादळ मात्र 'अति तीव्र अवदाब' या पायरीच्या वर गेले नाही. त्याला नाव मिळाले नाही. १३ ऑक्टोबर रोजी सकाळी त्याने काकिनाड्याजवळ आंध्रचा किनारा ओलांडला. त्याच दिवशी हैदराबाद शहर व परिसरात अतिवृष्टी होऊन शहराच्या अनेक वस्त्या पाण्याखाली गेल्या. १४ ऑक्टोबर रोजी ते तेलंगणातून उत्तर कर्नाटकावर व तेथून दक्षिण मध्य महाराष्ट्राकडे सरकले. बिदर, कलबुर्गी, सोलापूर या सर्व भागांत त्याने मुसळधार पाऊस पाडला. पंढरपूर येथे चंद्रभागेच्या काठी कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा जणांचा बळी गेला तोही याच दिवशी. पुढे हे क्षेत्र सह्याद्री ओलांडून अरबी समुद्रात उतरले.

येथे पहिला धडा मिळतो. वादळाला नाव आहे की नाही, यावरून आपल्या भागातील धोक्याचा अंदाज बांधू नये. नाव वाऱ्याच्या वेगावरून मिळते. पठारावरील घराला मात्र धोका असतो तो वाऱ्यापेक्षा पाण्याचा. मंद वाऱ्याचे, पण सावकाश सरकणारे व बाष्पाने भरलेले वादळ वेगवान वादळापेक्षा अधिक पाऊस एकाच ठिकाणी ओतून जाऊ शकते.

किनाऱ्यावर काय घडते

वादळाचे सामर्थ्य समजण्यासाठी आधी किनाऱ्यावरील घटना पाहणे उपयुक्त ठरेल. चक्रीवादळाच्या केंद्रस्थानी हवेचा दाब कमी असतो. दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की तेथील समुद्राची पातळी सुमारे एक सेंटिमीटरने वर येते. हा फुगारा तसा लहानच असतो. खरे काम वारा करतो. तो समुद्राचे पाणी अखंड किनाऱ्याकडे लोटीत राहतो. किनाऱ्यालगतचा समुद्र उथळ असला तर या पाण्याला खाली परतण्यास वाव राहत नाही व ते भिंतीसारखे जमिनीवर चढते. त्यातच भरतीची वेळ साधली तर पातळी आणखी वाढते. यालाच वादळी लोट असे म्हणता येईल.

या लोटानेच इतिहासात सर्वाधिक बळी घेतले आहेत. १९ नोव्हेंबर १९७७ रोजी आंध्रच्या दिवी सीमा भागात आलेल्या लोटात दहा हजारांवर माणसे मृत्युमुखी पडली. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशात आलेल्या महाचक्रीवादळातील मृतांची संख्याही दहा हजारांच्या घरात होती. वादळाचे केंद्र किनाऱ्यावर आले नाही तरी हा धोका टळत नाही. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ केरळ, कर्नाटक, गोवा व कोकण यांच्या किनाऱ्यासमोरून समुद्रातूनच उत्तरेकडे गेले आणि १७ मे रोजी सौराष्ट्रात जमिनीवर चढले. तथापि त्याच्या लाटांचा तडाखा वाटेतील सर्व किनाऱ्याला व तेथील घरांना बसला. 'वादळ दूरून जात आहे' हे वाक्य म्हणूनच निश्चिंत होण्यासारखे नसते.

त्याच ओडिशात २०१३ साली १२ ऑक्टोबर रोजी फायलिन हे अतिशय उग्र वादळ आले. या वेळी वादळापूर्वीच सुमारे दहा लाख लोकांना सुरक्षित स्थळी हलविण्यात आले होते. घरे पडली, पिके गेली. परंतु मृतांची संख्या काही दशकांतच मर्यादित राहिली. चौदा वर्षांत समुद्र बदलला नव्हता. पूर्वसूचना मिळणे, ती घरोघर पोचणे आणि माणसांनी तिच्यावर विश्वास ठेवून वेळीच घर सोडणे, या तीन गोष्टी बदलल्या होत्या.

पठारावर काय घडते

किनारा ओलांडल्यावर वादळाला समुद्राकडून मिळणारे बाष्प व उष्णता कमी होते. त्यामुळे वारा मंदावतो. परंतु त्याने आणलेले बाष्प लगेच नाहीसे होत नाही. ते पावसाच्या रूपाने जमिनीवर उतरते. हा पाऊस किती मोठा असतो, याचा हिशेब शाळेतील विद्यार्थीही करू शकतील. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. याप्रमाणे एका हेक्टरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर दहा लाख लिटर पाणी होते. शंभर चौरस किलोमीटरच्या पाणलोट क्षेत्रावर तेवढाच पाऊस झाला तर पाण्याचे प्रमाण एक हजार कोटी लिटरवर जाते.

हे पाणी जमिनीत किती मुरेल, हे जमिनीच्या प्रकारावर व ऋतूवर अवलंबून असते. जून महिन्यात तापलेल्या काळ्या रानाला भेगा पडलेल्या असतात. पहिला पाऊस त्या पिऊन टाकतात. सप्टेंबर अखेरीस हीच काळी माती फुगून बसलेली असते, भेगा मिटलेल्या असतात, नाले वाहते व तलाव भरलेले असतात. अशा वेळी पडलेला बहुतेक पाऊस जमिनीवरूनच वाहून ओढ्यात जातो. उपसागरातील वादळांचा एक मोठा हंगाम ऑक्टोबर ते डिसेंबर हा आहे. त्याचा आरंभ आपल्याकडील जमीन व जलाशय तुडुंब असण्याच्या काळाशी गाठ घालतो. सोयाबीनची काढणी सुरू असते, तूर उभी असते, रब्बी ज्वारीची पेरणी तोंडावर आलेली असते. म्हणजेच शेतकऱ्याचे जे काही असते ते सर्व याच दिवसांत रानात व खळ्यावर असते. म्हणूनच घर सोडून जाण्याचा निर्णय त्याला जड जातो.

भीमेला येणारे चार वाटांचे पाणी

भीमा नदी पुणे जिल्ह्यात भीमाशंकर येथे उगम पावते व सुमारे ८६० किलोमीटर वाहून रायचूर जिल्ह्यात कृष्णेला मिळते. कलबुर्गी जिल्ह्यात शिरण्यापूर्वी तिच्यात अनेक वाटांनी पाणी येते. पहिली वाट उजनी धरणाची. त्याच्या मागे पुणे परिसरातील लहानमोठी धरणे आहेत. दुसरी नीरा नदी, जी नीरा-नरसिंगपूर येथे भीमेस मिळते. तिसरी सीना, जिचा संगम सोलापूर जिल्ह्यात हत्तरसंग-कुडल येथे आहे. चौथी बोरी, जी तुळजापूर-अक्कलकोटकडून येते. वादळ पठारावरून पश्चिमेकडे सरकते तेव्हा या चारही पाणलोटांवर एकामागून एक पाऊस पडतो, आणि सगळ्यांचे पाणी अफजलपूर तालुक्यातील सोन्न बंधाऱ्यासमोर एकत्र येऊन उभे राहते.

पूर मोजण्याचे एकक 'क्युसेक' होय. एक क्युसेक म्हणजे दर सेकंदास एक घनफूट, म्हणजे सुमारे २८ लिटर पाणी. एक लाख क्युसेकचा प्रवाह दिवसभर चालू राहिला तर ८.६४ अब्ज घनफूट, म्हणजेच ८.६४ टीएमसी पाणी वाहून जाते. २०२० च्या पुरात एकट्या उजनीतून सोडलेला विसर्ग दोन लाख क्युसेकच्या वर गेला होता. दोन लाखांचा प्रवाह एक दिवस चालला तर सुमारे सव्वासतरा टीएमसी पाणी खाली येते. सुमारे ११७ टीएमसी साठवणक्षमतेच्या उजनी जलाशयाचा हा जवळजवळ सातवा हिस्सा झाला. त्यात नीरा, सीना व बोरी यांचे पाणी मिळाल्यावर खालच्या गावांपुढे काय उभे राहते, याची कल्पना यावरून यावी.

पाऊस थांबला म्हणजे संकट टळले नव्हे

येथेच सर्वांत मोठी फसगत होते. १४ ऑक्टोबरच्या पावसानंतर आकाश मोकळे होऊ लागले. स्थानिक ओढे उतरले. माणसांना वाटले, संकट गेले. परंतु वरच्या भागातील पाणी नदीच्या वाटेने येण्यास तास नव्हे, तर दिवस लागतात. भीमेचा पूर कलबुर्गी जिल्ह्यात चढला तो पुढील तीनचार दिवसांत, स्वच्छ उन्हात. २१ ऑक्टोबर रोजी तत्कालीन मुख्यमंत्री श्री. बी. एस. येडियुरप्पा यांनी विमानातून पूरग्रस्त भागाची पाहणी केली, तेव्हा पाऊस थांबून आठवडा होत आला होता.

नदीकाठच्या ग्रामस्थाने म्हणून आपल्या डोक्यावरील आभाळ पाहून निर्णय घेऊ नये. त्याने विचारावयाचे प्रश्न निराळे आहेत. उजनीतून किती पाणी सोडले जात आहे? नीरेवरील वीर धरणाचे दरवाजे उघडले आहेत काय? सोन्न बंधाऱ्यावर पाणी वाढते आहे की उतरते आहे? या प्रश्नांची उत्तरे तहसील कार्यालयातून मिळू शकतात. महाराष्ट्रातील धरणांच्या विसर्गाची माहिती सोलापूर व कलबुर्गी येथील प्रशासनांमध्ये दिली-घेतली जाते. केंद्रीय जल आयोगही भीमेच्या पातळीची नोंद ठेवून पूर्वानुमान प्रसिद्ध करतो. धरणातून पाणी सुटल्यापासून ते गावात पोचेपर्यंतचा अवधी हीच नदीकाठच्या घराची खरी शिदोरी आहे. आभाळ निवळले म्हणून तो वाया घालविला, तर पुढे रात्रीच्या अंधारात होडीची वाट पाहावी लागते.

फुगवट्याचा धोका

किनाऱ्यावरील वादळी लोटाशी बरेचसे साम्य असलेली एक गोष्ट नद्यांच्या संगमावर घडते. मोठी नदी दुथडी भरून वाहू लागली की तिची पातळी उपनदीच्या मुखापेक्षा वर जाते. मग उपनदीचे पाणी मोठ्या नदीत शिरू शकत नाही. ते अडते, साचते व उलट मागे चढू लागते. यास फुगवटा म्हणतात. गावाजवळचा ओढा आपल्या नेहमीच्या दिशेने वाहावयाचे सोडून स्तब्ध होतो, त्यावरील काडीकचरा जागच्या जागी फिरू लागतो, हे फुगवट्याचे लक्षण होय.

गाणगापूरजवळ अमरजा नदी भीमेस मिळते. दत्तभक्तांना प्रिय असलेल्या या संगमावर भीमेचा पूर आला म्हणजे अमरजेचे पाणीही तुंबते. तीच गोष्ट कागिणा नदीची. मुल्लामारी व बेण्णेतोरा यांचे पाणी घेऊन ती शहाबादच्या बाजूस भीमेत जाते. राष्ट्रकूटांची राजधानी असलेले मळखेड याच कागिणेच्या काठी वसले आहे. भीमा फुगलेली असताना चिंचोळी, सेडम भागात पाऊस झाला, तर कागिणेचे पाणी दोन्ही बाजूंनी कोंडले जाते.

यातून निघणारा निष्कर्ष असा की, 'आमचे घर भीमेपासून दूर आहे, ओढ्याच्या काठी आहे' हे म्हणणे सुरक्षिततेचे प्रमाणपत्र ठरत नाही. ओढा ज्या नदीला मिळतो, तिच्या पातळीवर ओढ्याकाठच्या घराचे भवितव्य अवलंबून असते. अशा घरात पाणी समोरून लोंढ्यासारखे येत नाही. ते परसातून, न्हाणीघराच्या मोरीतून, गटारातून आवाज न करता वर येते. रात्री झोपेत असलेल्या कुटुंबाला ते कळतही नाही.

मांजरा खोऱ्याचा अनुभव

बिदर जिल्ह्याची प्रमुख नदी मांजरा ही होय. बीड जिल्ह्यात पाटोद्याच्या डोंगरात उगम पावून ती धाराशिव व लातूर जिल्ह्यांतून बिदर जिल्ह्यात येते आणि तेलंगणात जाऊन पुढे गोदावरीस मिळते. निलंगा तालुक्यात औराद शहाजनीजवळ तेरणा तिला मिळते. भालकी तालुक्यातील जलाशयामुळे परिचित असलेली कारंजा ही बिदर जिल्ह्यातील तिची उपनदी.

२०२१ च्या सप्टेंबरमध्ये गुलाब या चक्रीवादळाने २६ तारखेला कलिंगपट्टणमजवळ किनारा ओलांडला. दुर्बल झालेले ते क्षेत्र तेलंगणातून मराठवाड्यावर आले. २७ व २८ सप्टेंबर रोजी तेथे अतिवृष्टी झाली व धनेगाव येथील मांजरा धरणाचे सर्व अठरा दरवाजे उघडावे लागले. लातूर जिल्ह्यात पुराने वेढलेल्या माणसांची होड्यांतून व हेलिकॉप्टरमधून सुटका करण्यात आली. भालकी, औराद व कमलनगर भागांतील मांजराकाठच्या शेतकऱ्यांनी ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही की, वादळ पूर्वेकडून आले तरी पूर पश्चिमेकडून येतो. वादळ ज्या दिशेस गेले, तिकडचे पाणी नदी माघारी घेऊन येते.

याहूनही जुनी एक आठवण या प्रदेशाशी निगडित आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी हैदराबाद येथे मुसी नदीला महापूर आला. बिदर व गुलबर्गा तेव्हा निजामाच्या राज्यात होते. उपसागरातून आलेल्या वादळी पावसाने त्या एका दिवसात हजारो माणसे वाहून गेली. अफजलगंज येथील एका चिंचेच्या झाडावर आश्रय घेतलेल्या सुमारे दीडशे लोकांचे प्राण वाचले, असे सांगितले जाते. ते झाड उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात जतन करण्यात आले. या आपत्तीनंतर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण करण्यात आले व त्यांच्या योजनेतून उस्मानसागर व हिमायतसागर हे जलाशय उभे राहिले. महापुराने शिकविलेला धडा कायमच्या उपायात कसा उतरवावा, याचे हे उत्तम उदाहरण होय.

कोणते घर अधिक धोक्यात असते

या भागातील जुनी घरे बहुधा मातीची वा दगड-मातीची असून त्यांवर माळवद असते. उन्हाळ्यात शीतल असणारे हे घर पाण्यापुढे मात्र दुबळे ठरते. माळवदावरील माती भिजली की तिचे वजन वाढते. वीतभर जाडीची ओली माती एका चौरस मीटरवर सुमारे चारशे किलो भार टाकते. खालचे सर, तुळया जुन्या व किडलेल्या असल्यास छत बसते. सतत दोनतीन दिवस पाऊस लागून राहिला म्हणजे रात्री घर कोसळून कुटुंबे गाडली गेल्याच्या वार्ता येतात, त्या यामुळेच. अशा घरांना पूर नसतानाही धोका असतो.

दुसरा धोका भिंतीच्या पायाचा. मातीच्या भिंतीच्या बुडाशी पाणी साचून राहिले की तिची ताकद तळाकडून जाते. पुष्कळदा ही भिंत पाणी असेपर्यंत उभी राहते आणि पाणी ओसरू लागले की पडते. बाहेरून पाण्याचा जो आधार होता तो निघून जातो, व आतून भिजलेली माती स्वतःचा भार पेलू शकत नाही. पूर उतरताच घाईने घरात शिरणाऱ्यांचे अपघात या कारणाने होतात.

तिसरी गोष्ट प्रवाहाच्या वेगाची. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. वेगाने वाहणारे घोट्याच्या वरचे, वीतभर खोल पाणीसुद्धा धडधाकट माणसाचा पाय उखडू शकते. गुडघाभर पाण्यात मोटार तरंगू लागते. घत्तरगी येथील पुलासारखे सखल पूल पाण्याखाली गेले असता 'रोजची वाट आहे' या भरवशावर ते ओलांडणे हे जिवावर बेतणारे साहस होय. पाण्याखाली पूल शाबूत आहे की वाहून गेला, हे वरून दिसत नाही.

घर केव्हा व कसे सोडावे

घर सोडणे ही सोपी गोष्ट नाही. गोठ्यात जनावरे असतात, खळ्यावर सोयाबीनची गंज असते, कणगीत वर्षाचे धान्य असते. घरातील वडीलधारी माणसे म्हणतात, "आजवर पाणी मारुतीच्या पाराच्या वर आलेले नाही." त्यांचे म्हणणे खोटे नसते. परंतु ते त्यांनी पाहिलेल्या पुरांपुरते खरे असते. नदीवर धरणे झाली, काठावर बांधकामे वाढली, ओढ्यांची पात्रे अरुंद झाली. त्यामुळे जुनी खूण ही कायमची हद्द मानता येत नाही. भीमा-सीना खोऱ्यात २०२० नंतर २०२५ च्या सप्टेंबर अखेरीसही मोठा पूर आला, ही गोष्ट बोलकी आहे.

वडीलधाऱ्यांचा मान राखून त्यांना पटवावयाचे असेल तर निर्णयाची खूण आधीच ठरवून ठेवावी. पाणी दारात आल्यावर वाद घालण्यापेक्षा, पाणी अमुक दगडास लागले की लहान मुले, गरोदर स्त्रिया, आजारी व वृद्ध यांनी शाळेत वा समाजमंदिरात जावयाचे, अमुक झाडास लागले की सर्वांनी निघावयाचे, असे कुटुंबाने व गल्लीने पावसाळ्यापूर्वीच ठरवावे. शक्यतो दिवसाउजेडी निघावे.

निघताना पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. शिधापत्रिका, आधारपत्र, पहाणीपत्रक, बँकेचे पुस्तक व मुलांचे शाळेचे दाखले प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून सोबत घ्यावेत.

२. नेहमीची औषधे, दोन दिवसांचा कोरडा खाऊ, पिण्याचे पाणी व विजेरी जवळ ठेवावी.

३. विजेचे मुख्य बटण व गॅसची टाकी बंद करावी.

४. जनावरे उंचवट्यावर न्यावीत. ते शक्य नसेल तर त्यांची दावी सोडून द्यावीत. मोकळे जनावर पोहून वाचते. दाव्याला बांधलेले बुडते.

५. शेतातील पंप काढण्यासाठी नदीच्या पात्रात उतरू नये. पंप पुन्हा घेता येतो.

६. मदतीची गरज भासल्यास ११२ या क्रमांकावर अथवा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाच्या १०७७ या क्रमांकावर कळवावे.

ग्रामपंचायत व शाळा यांचे कार्य

कर्नाटक राज्यात १९८८ साली दुष्काळ-निरीक्षणासाठी एक कक्ष स्थापन झाला. त्याचेच पुढे राज्य नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्रात रूपांतर झाले. आज राज्यात ग्रामपंचायत पातळीपर्यंत स्वयंचलित पर्जन्यमापके बसविण्यात आलेली असून त्यांच्या नोंदी या केंद्राकडे जातात. भारतीय हवामान खाते पिवळा, नारिंगी व लाल या रंगांनी जिल्हावार इशारे देते. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, लाल म्हणजे कृती करा. एवढा अर्थ प्रत्येक घरात माहीत असला पाहिजे.

तथापि इशारा बंगळूरहून वा दिल्लीहून निघाला म्हणजे तो गल्लीत पोचला असे होत नाही. आळंद, अफजलपूर, भालकी, औराद, बसवकल्याण या तालुक्यांत अनेक घरांत मराठी बोलली जाते, अनेक घरांत कन्नड, तर काही ठिकाणी उर्दू व तेलुगू. संकटाची सूचना ज्याला कळावयाची आहे त्याच्या बोलीत ती दिली गेली पाहिजे. दवंडी, मंदिराचा वा मशिदीचा ध्वनिक्षेपक, दूरध्वनीवरील संदेश या सर्व साधनांनी ती फिरवावी. ज्यांच्याकडे दूरध्वनी नाही, जे एकटे राहतात, ज्यांना ऐकू येत नाही, अशांची यादी ग्रामपंचायतीने तयार ठेवावी व प्रत्येकाच्या दारी जाण्याचे काम नेमून द्यावे. वस्तीबाहेर रानात राहणारे सालगडी, ऊसतोड मजूर व मेंढपाळ यांची या यादीत आवर्जून गणना व्हावी, कारण दवंडी त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

शिक्षकांना या कामी मोठे योगदान देता येईल. विद्यार्थ्यांकडून गावातील पुराच्या जुन्या खुणा शोधून त्या शाळेच्या वा चावडीच्या भिंतीवर सालासह रंगवून घ्याव्यात. सरळ बाजूचे भांडे व मोजपट्टी घेऊन रोजचा पाऊस मोजण्याचा परिपाठ ठेवावा. गावचा ओढा कोणत्या नदीस मिळतो व त्या नदीवर कोणती धरणे आहेत, याचा नकाशा मुलांनीच काढावा. असा नकाशा काढलेले मूल "उजनीतून दोन लाख सोडले" हे वाक्य ऐकताच त्याचा अर्थ घरी सांगू शकेल. पुष्कळ घरांत मुलाचे हे बोल इतर कोणत्याही सूचनेपेक्षा अधिक मनावर घेतले जातात.

पाणी ओसरल्यावर

घरी परतण्यापूर्वी भिंतींची पाहणी बाहेरून करावी. भेगा गेलेल्या, फुगलेल्या वा कललेल्या भिंतीच्या घरात झोपू नये. ओल्या भिंतीवरील विजेची बटणे तपासणी होईपर्यंत वापरू नयेत. अडगळीत, सरपणात साप व विंचू आलेले असतात. काठीने चाळवून मगच हात घालावा. विहिरी व कूपनलिका यांचे पाणी क्लोरीन टाकून शुद्ध करावे आणि काही दिवस उकळूनच प्यावे. पुरानंतर येणाऱ्या जुलाब-हगवणीच्या साथी पाण्यामुळे पसरतात. मृत जनावरांची विल्हेवाट पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने लावावी.

नुकसानीचा पंचनामा होईपर्यंत पडझडीची छायाचित्रे काढून ठेवावीत व तलाठ्यांकडे लेखी कळवावे. घर पुन्हा बांधताना जोते पूरखुणेच्या वर घ्यावे, निदान भिंतीचा खालचा भाग दगड-सिमेंटचा करावा. शहाबादी दगडाच्या या प्रदेशात ते अशक्य नाही. घर ओढ्याच्या अगदी काठावर असेल तर त्याच जागी पुन्हा उभारण्यापूर्वी ग्रामपंचायतीशी विचारविनिमय करावा.

समुद्र आपल्यापासून दूर आहे, ही गोष्ट खरीच. परंतु त्यावरून उठलेला मेघ आपल्या माळावर येतो व त्याचे पाणी नदीच्या वाटेने आपल्या उंबऱ्यापर्यंत पोचते. ज्या मेघाची आपण सात महिने वाट पाहतो, त्याचेच हे दुसरे रूप आहे. त्याला अडविणे माणसाच्या हाती नाही. तो येत असल्याची वार्ता मात्र आता चारपाच दिवस आधी मिळते, आणि धरणाच्या पाण्याची वार्ता एकदोन दिवस आधी. एवढा अवधी १९०८ साली मुसीकाठच्या माणसांना मिळाला नव्हता. तो मिळत असताना आपण त्याचा उपयोग करावा, शेजाऱ्यास हाक द्यावी व पीक, पंप, भांडीकुंडी यांच्या आधी माणूस वाचवावा, हेच सर्व नदीकाठच्या बंधुभगिनींना आवाहन आहे.